छातीतली कळ म्हणजे नाटक नव्हे
(नाशिकच्या युवक शिबिरातलं भाषण)

दोस्तांनो, मी डॉक्टर नाही. वॉर्डबॉय. स्ट्रेचर ढकलतो, रक्ताच्या पिशव्या आणतो. पण पाहिलंय ते बोलणार.

नाशकात सिकलसेल म्हटलं की लोक सुरगाणा-पेठकडे बोट दाखवून मोकळे होतात. आदिवासींचा आजार म्हणे! अरे, विदर्भात तो आपल्याही वस्त्यांत आहे. शाप नाही तो. मलेरियाच्या मुलखात ज्यांना हे जनुक एकाच पालकाकडून मिळालं, ते तगले. दोघांकडून मिळालं, त्यांचं हे दुखणं. लग्नं जातीतच, म्हणून जनुकही जातीतच फिरलं. जातीची गाठ जातीतल्या लग्नात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडलेलं.

माझा मामेभाऊ वर्ध्याचा, अंबडला कामाला. हातपाय ठणकायला लागले म्हणून एका दवाखान्यात नेला. "इंजेक्शनची सवय लागलीय याला," म्हणाले, अन् घरी धाडला. तिसऱ्या दिवशी ताप, छातीत कळ, धाप. बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन ८४!

ऑक्सिजन घटला की या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्या तुंबवतात. फुफ्फुसात तुंबलं की ऑक्सिजन आणखी घटतो, आणखी पेशी वाकतात. याला अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. हाडं दुखायला लागल्यावर दोन-तीन दिवसांनी पुष्कळदा हाच गाठतो. जीव घेतो साला.

म्हणून सिकलसेलवाल्याला ताप, खोकला, धाप, छातीत कळ, काहीही दिसलं की शेकत बसू नका. १०८ लावा. दारातच ओरडून सांगा, याला सिकलसेल आहे. एक्स-रे मागा. पहिल्या दिवशी तो साफ येऊ शकतो. त्रास वाढला तर पुन्हा काढायला लावा. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, दुखण्यावर औषध लागतं. सलाईन बेतानं, जास्त झालं तर फुफ्फुसातच पाणी भरतं. रक्त चढवावं लागतं. फारच बिघडलं तर त्याचं रक्त काढून दुसरं भरतात. आणि ती तीन गोळ्यांची डबी! श्वास आत ओढून गोळ्या वर न्यायच्या, फुंकायच्या नाहीत. दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, तळाचं फुफ्फुस मिटतं. जागेपणी दर दोन तासांनी दहादा ओढायला लावा.

भाऊ वाचला. आता डॉक्टरच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया घेतो. या गोळीनं असे झटके कमी होतात, हे १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत दिसलंय.

त्याला तेव्हा चार पिशव्या लागल्या, त्या जमवताना माझी रात्र गेली. ही वही फिरवतोय. नाव, रक्तगट, फोन लिहा.