बैल कोणाचा, आवड कोणाची?

(संस्थेच्या तान्ह्या पोळ्याच्या कार्यक्रमातील परीक्षकांचे भाषण)



परीक्षक म्हणून बोलावलंत, आभारी आहे. निकालाआधी पाच मिनिटं घेतो. आयुष्य बँकेत गेलं, तेव्हा हा माझा विषय नव्हे. पण नातवंडांमुळे थोडं वाचन झालं.

मुलाला एखादी वस्तू सुंदर का वाटते? थोडी आवड जन्मतःच असते. नवजात बाळाला २०-३० सेंटिमीटरपर्यंतचंच बऱ्यापैकी दिसतं, म्हणजे मांडीवरून आईचा चेहरा दिसेल एवढंच. अमेरिकेत रॉबर्ट फँट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या सुमारास बाळं कशाकडे किती वेळ बघतात, ते मोजलं. नुसत्या रंगीत चकतीपेक्षा नक्षी आणि चेहऱ्यासारखी आकृती ती जास्त वेळ बघत. तीन-चार महिन्यांत रंगही कळू लागतात.

पुढची आवड मात्र घरात आणि गल्लीत तयार होते. जे वारंवार दिसतं, ते आपलंसं वाटू लागतं. आपल्या नागपूरच्या मुलांना बैलाची झूल, बेगड, घुंगरं, चितार ओळीतल्या गणपतीचे रंग लहानपणापासून दिसतात. ही शिकवणी कोणी फी घेऊन देत नाही.

तीन-चार वर्षांचं मूल माणूस काढतं, तेव्हा डोक्यालाच हातपाय फुटतात. त्याला त्यात काहीच चुकीचं वाटत नाही. सात-आठ वर्षांनंतर मात्र चित्र ‘खऱ्यासारखं’ दिसावं असं त्याला वाटू लागतं. नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, ‘आण इकडे, मी करून देतो.’ मग मूल म्हणतं, ‘मला चित्र येत नाही.’ पुष्कळांचं हे वाक्य जन्मभर टिकतं.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागडी साधनं नव्हती. शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं. मुलांनी ती निवडायची, जुळवायची, मांडायची. निवडता निवडताच नजर तयार होते.

आता आजच्या बैलांकडे वळतो. काही फारच देखणे आहेत. थर्माकोलचं मंदिर आहे, विजेची माळ आहे. पण ‘शिंगांना हाच रंग का?’ असं विचारलं, की छोटे मालक आईकडे बघतात. पालकांनो, रागावू नका. तुमची मेहनत दिसते, पण स्पर्धा तुमची नाही.

एक बैल निळा आहे. एक शिंग सोनेरी, दुसरं तसंच. झूल जुन्या ओढणीची, जरा तिरपी. मी कारण विचारलं. उत्तर मिळालं, ‘आजोबा, त्याला निळाच आवडते. अन् सोनेरी रंग संपला.’ पहिलं बक्षीस या बैलाला देतो आहे. काहींना हे पटणार नाही, याची कल्पना आहे. पण तान्हा पोळा मुलांचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो वेगळा साजरा होतो, तो त्यांच्यासाठीच.

कार्यकारिणीला दोन विनंत्या. पुढल्या वर्षी बैल इथेच, आपल्या आवारात, तासाभरात सजवायला द्यावेत आणि पालकांनी दूर खुर्च्यांवर बसावं. दुसरी, जिन्याजवळच्या भिंतीवर मुलांच्या चित्रांसाठी तीन फुटांवर जागा ठेवावी. आपण सगळ्या तसबिरी मोठ्यांच्या उंचीवर लावतो. मुलांना फक्त चौकटीचा खालचा काठ दिसतो. सुटीच्या दिवशी त्यांना अजब बंगल्यातही न्यावं. १८६३ पासून ते संग्रहालय आपल्या शहरात आहे. तिथे ‘कोणतं आवडलं?’ एवढंच विचारावं आणि उत्तर दुरुस्त करू नये.

बस, एवढंच. आता सगळ्या बालमित्रांनी बैल घेऊन रांगेत यावं. बक्षीस एकालाच असलं तरी बोजारा प्रत्येकाला आहे.