सोबत्याचा स्मृतिदिन



आम्ही काही विचारवंत नाही. बँकेत खिडकीमागे बसून लोकांची पासबुके भरणारी माणसे आहोत. तरीही संस्थेने बोलण्याची संधी दिली, म्हणून एका स्मृतिदिनाची हकिकत सांगतो.

सेलू, जिंतूर आणि मंठ्याकडच्या गाड्या जिथे थांबतात, त्या आपल्या देवगाव फाट्याजवळच्या वस्तीत महार रेजिमेंटचे एक निवृत्त जवान राहत. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला आम्ही गेलो होतो. पत्र्याच्या घरापुढे मंडप होता. त्रिशरण-पंचशील झाले, भन्तेजींनी परित्राणपाठ घेतला. पुण्यानुमोदनाचे पाणी ओतायला एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. ते विदर्भातून रात्रभर एस.टी.चा प्रवास करून आले होते. दिवंगत जवानासोबत राजस्थानच्या सीमेवर, वाळवंटात, एकाच खंदकात त्यांनी दिवस काढले होते. पाणी ओतताना त्यांचा हात थरथरत होता, पण एक थेंब त्यांनी बाहेर सांडू दिला नाही.

नंतर आदरांजलीची भाषणे झाली. आम्हीही बोललो. शौर्य, त्याग, समाजाचे भूषण असे सगळे शब्द वापरले. शेवटी ते सोबती उठले. म्हणाले, “वाळूत आम्हा दोघांत एक बाटली पाणी असायचं. तहान दोघांनाही लागायची, पण हा आधी म्हणायचा, मला नको.” एवढे बोलून ते थांबले आणि जवानाच्या पत्नीकडे वळून म्हणाले, “वहिनी, पेन्शन चालू झाली का?”

मंडपात शांतता पसरली. माउलीने मान हलवली. नाही.

बंधू-भगिनींनो, त्या क्षणी आमची मान खाली गेली. कारण ती माउली वर्षभरात तीन वेळा आमच्याच खिडकीवर आली होती. नवऱ्याच्या कागदात तिचे माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. “नाव जुळत नाही, दुरुस्त करून आणा,” असे सांगून आम्ही तिला परत पाठवले होते. कुठून दुरुस्त करायचे, ते सांगितले नव्हते. मागे रांग होती, हे खरे. पण तीन वेळा रांगच होती, असे कसे म्हणावे?

त्या सोबत्यांनी पेटी उघडायला लावली. डिस्चार्ज बुक काढले, नाव वाचले आणि म्हणाले, “मनिऑर्डरचा फॉर्म हा माझ्याकडूनच भरून घ्यायचा. हेच नाव मी लिहायचो. या त्याच वहिनी.” दुसऱ्या दिवशी मुक्काम वाढवून त्यांनी तसे प्रतिज्ञापत्र करून दिले. ग्रामपंचायतीचा दाखला, मृत्यूचा दाखला, पेन्शनच्या आदेशाची प्रत असे सारे जोडून परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत कागद पुढे गेले. या वेळी अर्ज आम्ही स्वतः लिहिला. काही महिन्यांनी कुटुंब निवृत्तिवेतन थकबाकीसह जमा झाले. माउलीने पासबुक दोनदा वाचून घेतले.

मित्रहो, नाव कागदावर असणे म्हणजे काय, हे आपल्या इतिहासाला चांगले ठाऊक आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत सैनिक दिवसभर अन्नपाण्यावाचून लढले. तिथे उभारलेल्या विजयस्तंभावर पडलेल्यांची नावे कोरली गेली. त्यांत ‘नाक’ प्रत्ययाची बावीस नावे आहेत. ज्यांना गावात नावानिशी कोणी हाक मारत नव्हते, त्यांची नावे दगडावर राहिली. पुढे १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पूर्वजांची नोकरी हाच त्यांचा पुरावा होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभाला अभिवादन करायला गेले. ते स्वतः सुभेदार रामजींचे चिरंजीव. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सुरुवातीला तिच्या बोधचिन्हावर तोच स्तंभ होता.

पूर्वजांची नावे दगडावर आहेत म्हणून आपण दरवर्षी अभिवादन करतो. मग आपल्या घरातल्या सैनिकाच्या पत्नीचे नाव कागदावर नीट आहे की नाही, हे कोणी पाहायचे?

म्हणून संस्थेपुढे नम्र सूचना मांडतो. आपल्या गावातील माजी सैनिकांची एक वही करावी. तीत डिस्चार्ज बुक कुठे ठेवले आहे, पेन्शनचा आदेश क्रमांक काय, पत्नीचे नाव सर्व कागदांत सारखे आहे का, हे माणूस हयात असतानाच लिहून घ्यावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता संरक्षण खात्याची बहुतेक पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय पद्धतीतून येते, ती आपल्या वृद्धांना उमगत नाही. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हातात मोबाईल आहे. महिन्यातून एक रविवार द्या. एका आजीचा अर्ज भरा. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, ते फक्त स्वतःच्या नोकरीसाठी नव्हे.

आम्ही बँकवाले एवढेच वचन देतो की, “नाव जुळत नाही” म्हणून कोणालाही परत पाठवणार नाही. ते कुठे आणि कसे जुळवायचे, हे कागदावर लिहून देऊ.

ते सोबती परत निघाले तेव्हा फाट्यावर गाडीची वाट पाहत होतो. ऊन होते. आम्ही पाण्याची बाटली पुढे केली. ते म्हणाले, “आधी तुम्ही घ्या.”

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!