पूर्वतयारीची पायरी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेतील कारकून. आकडेमोडीची सवय आहे, भाषणाची नाही. कार्यकारिणीने ‘शिशुशिक्षणाचा विद्यापीठीय अभ्यास व त्याची पूर्वतयारी’ हा विषय आमच्याकडे सोपवला, तेव्हा आम्ही नकार देणार होतो. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडलेली आहे. ती आपल्यासमोर सांगावी, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातून घडणार नाही, एवढ्यासाठी उभे आहोत.

प्रथम विषयाकडे वळू. लहान मुले सांभाळायला शिक्षण कशाला हवे, चार गाणी आली आणि खाऊ वाटता आला की झाले, असे आपल्यातही पुष्कळांना वाटते. वास्तविक जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या काळात मुलाची भाषा, हातापायांची हालचाल, माणसांवरचा विश्वास या सर्वांचा पाया घातला जातो. हा पाया घालणाऱ्या बाईला मात्र आपण सर्वांत कमी शिकलेली चालेल असे मानतो, हे कोडेच आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. आज गावोगावी जो ‘अंगणवाडी’ शब्द आहे, त्याचे मूळ या कामात आहे. अनुताईंचे स्वतःचे शिक्षण कसे झाले ते पाहा. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. पुढे शिक्षिकेची नोकरी करीत रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिक आणि १९६१ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, पदवी. उशिरा शिकण्यात कमीपणा असता, तर महाराष्ट्राला अनुताई मिळाल्या नसत्या.

आता पूर्वतयारीविषयी. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला. कमीत कमी सहा महिन्यांचा, बारावी नसलेल्यांना पुढील अभ्यासाचे दार उघडणारा. त्याच विद्यापीठाची शिशुसंगोपन व शिक्षण या विषयाची पदविकाही आहे. तीत बालकांचे आरोग्य व आहार, बालसंगोपन केंद्र कसे चालवावे, विशेष गरजा असलेली मुले हे विषय असून शेवटी प्रत्यक्ष कामावर आधारित प्रकल्प लिहावा लागतो.

२०१४ साली आपल्या वस्तीतील एक ताई डिमांड ड्राफ्ट काढायला आमच्या काउंटरवर आल्या. वय पंचवीस, शिक्षण दहावी पास. आपल्या मंडळाच्या बालवाडीत मदतनीस होत्या. “दादा, एवढा फॉर्म जरा बघून द्या,” म्हणाल्या. पूर्वतयारीचा अर्ज होता. आम्ही तो जेवणाच्या सुटीत भरून दिला आणि मोठ्या अधिकारवाणीने सांगितले, “ताई, हे झाले की बारावी झाल्यासारखेच समजा.”

पूर्वतयारीत त्या गणितात एकदा नापास झाल्या. घरच्यांनी पुस्तके माळ्यावर टाकली. त्यांनी ती परत काढली आणि दुसऱ्या खेपेस पास झाल्या. नंतर पदविका. पुस्तके हिंदीतली, रात्री भांडी आवरल्यावर त्या वाचत आणि मराठीत वहीत उतरवून घेत. अशा सात वह्या आम्ही पाहिल्या आहेत.

त्या शिक्षणाने काय झाले, त्याचे एकच उदाहरण देतो. बालवाडीत चार वर्षांचा एक मुलगा होता. हाक मारली तर वळायचा नाही, गोष्ट चालू असता उठून जायचा. सगळे त्याला हट्टी म्हणत, त्याला मारही बसे. प्रकल्पासाठी ताईंनी त्याची महिनाभर नोंद ठेवली. समोरून बोलले तर ऐकतो, पाठीमागून बोलले तर ऐकत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आईला समजावून मुलाला डॉक्टरांकडे पाठविले. कान वाहून वाहून ऐकू कमी येत होते. औषधोपचार झाले. पुढे तो मुलगा गोष्ट संपेपर्यंत जागचा हलेना. बंधूंनो, अभ्यास नसता, तर त्या पोराने हट्टीपणाचा शिक्का घेऊनच पहिलीत पाऊल टाकले असते.

आता आमची चूक. २०२३च्या अखेरीस अंगणवाडी सेविकेच्या जागा निघाल्या. ताईंचे वय चौतीस. पदविका आणि कामाचा अनुभव घेऊन त्या मोठ्या आशेने गेल्या. तेथे बारावीची गुणपत्रिका मागितली. नवीन भरतीसाठी बारावीची अट होती आणि पूर्वतयारीचे प्रमाणपत्र बारावीच्या जागी चालत नव्हते. ते विद्यापीठात प्रवेश मिळवून देते, पण बारावीशी समकक्ष नसते. माहितीपुस्तिका आम्ही नीट वाचली असती, तर हे आम्हाला २०१४ सालीच कळले असते. आम्ही वाचली नव्हती. ज्या माणसाचे सारे आयुष्य कागद तपासण्यात गेले, त्याने नेमका हाच कागद तपासला नाही.

बहिःस्थ म्हणून बारावीला बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरण्याची मुदत त्या वर्षी निघून गेली होती. ताई २०२५ साली बारावीला बसल्या आणि पहिल्याच खेपेस पास झाल्या. परंतु तोवर वयाची पस्तिशी उलटली होती, आणि भरतीची मर्यादा पस्तीसचीच. आम्ही पेढे घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, पूर्वतयारी फुकट गेली असे म्हणू नका. तिने मला पुन्हा अभ्यासाला बसवले. फक्त कोणत्या पायरीवरून कुठे जाता येते, ते आधी सांगत जा.”

हे वाक्य आम्ही विसरणार नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणासंबंधी असे म्हटले आहे की, बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम द्यावा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका. म्हणजे कमी शिकलेल्याला दार बंद नाही, त्याला वेळ अधिक द्यायचा. पूर्वतयारीमागचे तत्त्व हेच आहे. जो मागून निघाला त्याचे अंतर जास्त. तेव्हा त्याची शिदोरीही जास्त हवी.

तेव्हा मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, दर रविवारी सकाळी सभागृहात दोन तास एक टेबल मांडावे. शिक्षण सुटलेल्या भगिनींचे अर्ज तेथे भरून द्यावेत, परंतु चालू वर्षाची माहितीपुस्तिका ओळन् ओळ वाचल्याशिवाय एकही अर्ज भरू नये. नियम बदलत असतात. दुसरी, विद्यापीठात जायचे की सरकारी जागेसाठी अर्ज करायचा, हे प्रत्येकीस प्रथम विचारावे. नोकरी हवी असेल तर पूर्वतयारीबरोबर १७ नंबरचा अर्जही वयाचा हिशेब करून वेळेत भरावा. तिसरी, आपल्या बालवाडीच्या प्रमुखपदी या ताईंची नेमणूक झाली आहे, त्यांचे मानधन शिकलेल्या शिक्षिकेला शोभेल असे करावे. मदतनीस म्हणून जे देत होतो तेच आजही देतो आहोत, ही शोभेची गोष्ट नाही.

रविवारच्या टेबलावर पहिले वर्षभर बसण्याची जबाबदारी आम्ही घेतो. त्यात उपकार नाही, जुनी बाकी आहे. ती फेडण्याची संधी मंडळाने द्यावी, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम!