फोटोतला वाघ आणि तुरीतला वाघ



अध्यक्षाने आधी आभारात पाच मिनिटं घालवायची असा प्रघात आहे. तो आज मोडतो. केळापूर तालुक्यात उभं राहून वाघाच्या फोटोंवर बोलायचं तर टी-१ वाघिणीपासूनच सुरुवात करावी लागते. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर आला. कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, हत्ती लावून शोध चालला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. त्या दिवसांत शहरातली माणसं विचारायची, ‘एवढं मोठं केशरी जनावर, लोकांना दिसत कसं नाही?’ विचारणाऱ्यांनी वाघ पाहिला होता तो तुमच्या-माझ्यासारख्या छायाचित्रकारांच्या फोटोंत. आज मला बोलायचंय ते याच फोटोंबद्दल.

फोटोंकडे वळण्याआधी नजर कशी चालते ते पाहू. दृष्टीचे अभ्यासक डेव्हिड फील्ड यांनी १९८७ साली निसर्गदृश्यांची मोजणी मांडली. दृश्यात मोठ्या आकारांचा उजेड-सावलीचा उठाव सर्वांत जास्त असतो. तपशील दुप्पट बारीक झाला की उठाव साधारण निम्म्यावर येतो. डोंगर घ्या की झुडूप, हा उतार थोड्याफार फरकाने तोच. आपली नजर अशाच दृश्यांवर घडलेली आहे. मेंदूतल्या काही पेशी विशिष्ट दिशेच्या कडांनाच प्रतिसाद देतात, हे ह्युबेल आणि वीझल यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. एका ओळीत येणाऱ्या अशा कडा जोडत जोडत आपण वस्तूची बाह्यरेषा उभी करतो.

वाघ नेमका इथेच फसवतो. त्याचे पट्टे पाठ-पोटाच्या रेषेला आडवे जातात आणि ती रेषा तुटते. उरलेल्या काळ्या कडा मागच्या गवताच्या काड्यांशी जुळतात. १९८७ सालीच गॉडफ्रे, लिथगो आणि रंबॉल यांनी वाघ आणि झेब्रा यांच्या पट्ट्यांची तुलना केली. वाघाच्या पट्ट्यांची जाड-बारीक विभागणी आसपासच्या झाडोऱ्याशी जुळते, झेब्र्याची जुळत नाही, असं त्यांना आढळलं. चितळाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आपल्याला कळतो. पण पानगळीतल्या सागाखाली, वाळल्या गवतात हिरवं उरतंच किती? तिथे रंगाची मदत आटते. वाघ हलला तर गोष्ट वेगळी, पण दबा धरलेला वाघ हलत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईची नजर बोंडावर असते, आणि बांधापलीकडे तूर डोक्याएवढी.

कोणी म्हणेल, माणसाची नजरच मंद. तसं नाही. १९९६ साली सायमन थॉर्प यांच्या प्रयोगात फोटो पडद्यावर अवघे २० मिलिसेकंद झळकत होते, आणि त्यात प्राणी आहे की नाही याचा फरक मेंदूच्या लहरींत १५० मिलिसेकंदांत उमटला. पण ते फोटो विक्रीच्या संग्रहातले होते. पुढे २०१० मध्ये फेलिक्स विखमान आणि सहकाऱ्यांनी अशा संग्रहांकडे बोट दाखवलं : छायाचित्रकाराने प्राणी पार्श्वभूमीपासून आधीच सुटा काढून ठेवलेला असतो! आपली हौस प्रयोगशाळेपर्यंत पोचली, याचा अभिमान धरावा की संकोच, तुम्हीच ठरवा.

बाहेरच्या दालनातलं प्रदर्शन मी सकाळी पाहिलं. तंत्र अव्वल आहे, शंकाच नाही. पण चौकटीमागून चौकट तीच : वाघ धारदार, आणि मागचं जंगल लोण्यासारखं वितळलेलं. मोठी लेन्स, उघडं अ‍ॅपर्चर, आणि कडा जोडायची सगळी मेहनत कॅमेऱ्याने परस्पर उरकलेली. मग हा फोटो पाहून कोणी गावकऱ्याला बेसावध ठरवलं, तर त्यात थोडा वाटा आपलाही नाही का?

कॅमेरा ट्रॅपचं वेगळं. वाघ जवळून, आडवा जातो, अंग चौकटभर येतं. लपवणारे पट्टे तिथे ओळखपत्र होतात. डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असल्यामुळे दोन्ही बाजूंना कॅमेरा लावावा लागतो, हे इथल्या वनरक्षकांना मी सांगायला नको.

माझी सूचना साधी आहे. आपल्या छायाचित्र स्पर्धेत प्रत्येक वाघाच्या फोटोसोबत दुसरी एक चौकट मागवावी : तीच जागा, रुंद लेन्स, बारीक अ‍ॅपर्चर, पुढचं-मागचं सगळं स्पष्ट, आणि खाली अंतर लिहिलेलं. त्यात वाघ सापडायला वेळ लागेल. लागू द्या. या चौकटी जंगलालगतच्या गावांतल्या शाळांत लावता येतील आणि नागपूर-पुण्याच्या दालनांतही. परीक्षक मंडळी समोरच बसली आहेत. पुढच्या वर्षीच्या नियमावलीत हा विभाग घालायचा का, ते संध्याकाळच्या बैठकीत ठरवू.