“वयच झालंय” म्हणण्याआधी

(आपल्या कार्याच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला कामाचा अहवाल द्यायला सांगितलं होतं. बालवाडीत किती मुलं, किती घोंगड्या वाटल्या, ते आकडे तुमच्या हातातल्या कागदावर छापलेले आहेत. ते मी वाचून दाखवत नाही. मी आज माझ्या आईविषयी बोलणार आहे, आणि मग वाडीवरच्या एका म्हाताऱ्या बाबांविषयी. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतील असं मला वाटलं होतं. आल्या नाहीत.

आई ७४ वर्षांची. बाबा गेल्यापासून रेवदंड्याकडच्या आमच्या जुन्या घरी एकटीच राहते. मागच्या वर्षी नवरात्राच्या सुमारास मला जाणवलं की काहीतरी बिघडतंय. आमटीत मीठ दोनदा पडायचं. दिवसा खुर्चीतच डोळा लागायचा. उपासनेत गीताचा नंबर पुकारला की ती पानं उलटत राहायची, आणि गीत संपायचं तरी पान सापडायचं नाही. डाव्या पायातली चप्पल मागे राहायची, तिला पत्ताच नसायचा. तीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई, एके दिवशी मला म्हणाली, “तू कुठली गं?”

पहिल्या डॉक्टरांनी शक्तीचं औषध आणि सुया दिल्या. दुसऱ्यांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड सगळं ठीक निघालं. त्या तपासण्या योग्यच होत्या, त्यांना मी नावं ठेवत नाही. तिसरे मोठे डॉक्टर. त्यांनी फाइल पाहिली, आईला वार आणि महिना विचारला, आणि स्मृतिभ्रंशाची गोळी लिहून दिली. “वय झालंय, आता स्वीकारा,” म्हणाले. आईला चार पावलं चालून दाखवायला मात्र कोणीच सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.

घरीही मतं होतीच. भाऊ म्हणाला, बाबांचं दुःख मनाला लागलंय. एका प्रार्थनागटातल्या ताई म्हणाल्या, कुठेतरी लपलेलं पाप असेल, कुटुंबाने उपास करावा. मी धर्मज्ञानाची पदविका घेतलेली बाई, ईयोबाच्या मित्रांवर निबंध लिहिलेली. तरी त्या रात्री अंथरुणात पडून मी माझी पापं मोजत होते.

बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या त्या स्त्रीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. मार्क स्पष्ट लिहितो की वैद्यांपायी तिचा सगळा पैसा गेला आणि दुखणं उलट वाढलं. लूक तीच गोष्ट सांगतो, पण वैद्यांविषयी जरा हात राखून. तो स्वतः वैद्य ना! पूर्वी मी हे वर्गात हसत सांगायचे. मागच्या वर्षी मला मार्क जवळचा वाटला.

दिवाळीला आठवडा राहिला होता. खाडीतल्या चिंबोऱ्या घेऊन आमच्या मागच्या दारी एक कातकरी बाई येते. तिच्या मुलाला आपल्या बालवाडीतून शाळेत घातलंय, म्हणून ती मला ओळखते. ओटीवर टोपली ठेवून ती आईच्या चालण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ताई, म्हातारी पडली तवापास्नंच पाय वढते का?”

मी म्हटलं, “कधी पडली?”

तर श्रावणात. भर पावसात आई परसात नारळाची झावळी उचलायला गेली, शेवाळावरून पाय सटकला आणि डोकं माडाच्या बुंध्यावर आपटलं. हिनेच तिला उठवून घरात आणलं होतं. रक्त आलं नाही, टेंगूळ आलं. आईने तिच्याकडून वचन घेतलं की पोरीला सांगायचं नाही, नाहीतर ती मला मुंबईला भावाकडे नेऊन टाकील. आणि मग आई स्वतःच ते विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी डोक्याचा सीटी स्कॅन केला. कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये रक्त साचलं होतं आणि ते उजव्या बाजूने मेंदू दाबत होतं. म्हणून डावा पाय. डॉक्टरांनी समजावलं ते असं. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे त्याच्यावरून जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही त्यातली एखादी फाटते आणि थेंब थेंब रक्त झिरपत राहतं. त्रास दिसायला कधी तीन आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. तोवर पडल्याची आठवण कोणालाच नसते. त्यात आई हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत होती.

पावसाळा संपून मांडव्याच्या लाँच सुरू झाल्या होत्या, पण आईला लाँचमध्ये चढवण्याचं धाडस झालं नाही. वडखळच्या रस्त्याने रुग्णवाहिकेतून मुंबईला गेलो. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे, जास्त बोलत नाही. कवटीला लहान भोक पाडून रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी आईने मला नावाने हाक मारली आणि विचारलं, “त्या चिंबोऱ्यांचे पैसे दिलेस का तिला?”

दिले नव्हते.

खर्चाचं विचाराल म्हणून सांगते. २०१२ साली राज्याची जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटा, नंतर नाही. आम्ही आधी भेटलो म्हणून निभावलं.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायला मला जड जातं.

पैसे द्यायला मी वाडीवर गेले. झोपडीच्या कुडाला टेकून त्या बाईचे वडील बसले होते. या माणसाला मी वर्षभर पाहत होते. दर महिन्याला दिसायचे आणि दर महिन्याला थोडे कमी दिसायचे. आम्ही त्यांना घोंगडी दिली. तुमच्या कागदावरच्या आकड्यात ती घोंगडी आहे. मुलगी एकदा म्हणाली होती, “बा जेवत नाय.” मी उत्तर दिलं होतं, “वय झालंय गं त्यांचं.” तिसऱ्या डॉक्टरांचे शब्द, जसेच्या तसे. आणि याच बाईने माझ्या आईचं चालणं एका नजरेत ओळखलं होतं.

त्यांना खोकला फारसा नव्हता, म्हणून माझ्या मनात क्षय आलाच नाही. पण म्हाताऱ्या माणसात क्षय कित्येकदा असाच येतो. भूक जाते, वजन उतरतं, संध्याकाळी अंग कोमट लागतं, एवढंच. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, क्षय निघाला. वजन ३४ किलो. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारलं. पुढे वानलेसवाडीला क्षयाच्या रोग्यांसाठी आरोग्यधामही झालं. आपल्या मंडळ्यांना हा रोग काही नवा नाही. तरी माझ्या डोळ्यांसमोर तो वर्षभर बसून होता.

औषध सरकारी आणि फुकट, निदान सहा महिने चुकवायचं नाही. आहारासाठी सरकार आता महिन्याला १,००० रुपये बँकेत जमा करतं, २०१८ साली सुरुवात झाली तेव्हा ५०० होते. पण बाबांचं खातं बंद पडलेलं. ते चालू करायला आमच्या कार्यकर्त्याने चार फेऱ्या मारल्या. त्याहून मोठी अडचण वेगळीच. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते, सगळे वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर, ते थेट पावसाच्या तोंडावर परत. मुलीने आधीच उचल घेतली होती. बापाला इथे ठेवलं तर भाकर कोण देणार, आणि नेलं तर गोळ्या कोण देणार?

शेवटी बाबा शेजारच्या म्हातारीकडे राहिले. दोघांच्या तांदूळ-डाळीचा खर्च आपल्या निधीतून केला. अहवालात तो “इतर” या सदरात आहे, कारण त्याला दुसरं सदर नव्हतं. होळीला मुलगी भेटायला आली तेव्हा काट्यावर ३९ किलो आले. तिला आकडा वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचला. ती म्हणाली, “परत बघ.”

तुमच्या घरी कोणी असं हळूहळू उतरत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना एक वही न्या. कधीपासून, आधी काय बदललं, कधी पडले का, वजन किती होतं आणि किती आहे, हे सगळं लिहा. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातलं सोडियम उतरतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. हे मी आईच्या शेजारच्या खाटेवर पाहिलं. आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारा. भांडीवालीला विचारा, मासळीवालीला विचारा.

आता आम्ही घोंगडीच्या यादीशेजारी वजनाचा रकाना घातला आहे. साठीच्या वरच्या प्रत्येकाचं वजन दर तीन महिन्यांनी घेणार. काटा एकच आहे आणि वाड्या अकरा. येत्या शनिवारी पहिल्या दोन वाड्यांवर जातो आहोत. गाडी सकाळी सातला चर्चच्या आवारातून निघेल. दोन जागा रिकाम्या आहेत.