उंदरांची हद्द, गंध आणि संप्रेरके



शेतातील बिळे बुजविली, विषारी आमिष ठेवले, काही उंदीर मेलेही. आणि थोड्याच दिवसांत तीच बिळे पुन्हा उकरली गेली, हा अनुभव आपणांस नवा नाही. याचे एक कारण उंदरांच्या समाजव्यवस्थेत दडलेले आहे.

आपण बांध घालून हद्द दाखवितो. उंदीर ती मूत्राच्या गंधाने आखतो. घरातील लहान उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, वरचढ नर आपल्या क्षेत्रात सर्वत्र मूत्राचे बारीक थेंब टाकीत फिरतो. पराभूत नर मात्र एखाद्या कोपऱ्यातच मूत्रविसर्जन करतो. आपल्याला जी दुर्गंधी वाटते, तो उंदरांच्या जगातील एक-चौदाचा उताराच होय.

हा उतारा वाचण्यासाठी उंदराच्या नाकाच्या तळाशी एक स्वतंत्र इंद्रिय असते. याकोबसन या डॅनिश शास्त्रज्ञाने १८१३ साली त्याचे वर्णन केले. जनुकीय बदल करून या इंद्रियाचे कार्य बंद पाडलेले नर घुसखोर नरावर हल्ला करीत नाहीत, असे २००२ साली दिसून आले. पुढे २००७ साली, नराच्या मूत्रातील विशिष्ट प्रथिने ही चढाईची चेतना देतात, हेही सिद्ध झाले.

गंधाच्या जोडीला संप्रेरके असतात. वृषण काढून टाकलेला नर सहसा भांडत नाही. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक दिल्यास तो पुन्हा भांडू लागतो, असे १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नमूद आहे. वृषणहीन नराच्या मूत्रानेही इतर नर फारसे चवताळत नाहीत. म्हणजे एकच संप्रेरक नराला लढण्यास प्रवृत्त करते आणि त्याच्या मूत्राला आव्हानाचा गंधही देते. पिलांना दूध पाजणारी मादीदेखील बिळात शिरणाऱ्या परक्यावर तुटून पडते.

या ज्ञानाचा आपल्याला उपयोग काय? हद्दीचा धनी मेला की त्याचा पहारा संपतो आणि शेजारचे उंदीर मोकळ्या बिळांत शिरतात. म्हणून एकट्या शेतकऱ्याने केलेला बंदोबस्त फार काळ टिकत नाही. संपूर्ण वाड्याने, शेते, बांध, कुळागरे व कोठारे यांसह, एकाच वेळी मोहीम हाती घ्यावी. विषाचा वापर मात्र विभागीय कृषी कार्यालयाच्या सल्ल्यानेच करावा.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबवावी. हद्द आखणाऱ्या याच मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. ते साचलेल्या पाण्यातून, पायांवरील जखमांवाटे शरीरात शिरतात. म्हणून पावसाळ्यात जखम झाकल्याविना शेतात उतरू नये, शक्यतो गमबूट वापरावेत, धान्य व पाणी झाकून ठेवावे आणि ताप येताच आरोग्य केंद्र गाठावे.

उंदीर आपली हद्द रोज नव्याने आखतो. त्याला तोंड देताना आपण आपापल्या बांधापलीकडे पाहिले पाहिजे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.