नेम, खाडा आणि विसावा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'योगासने रोज करावीत की अधूनमधून' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने केली, तेव्हा मला प्रथम संकोचच वाटला. मी योगाचार्य नव्हे. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे तिन्ही पाळ्यांत टर्नर म्हणून राबलेला मी एक साधा कामगार. परंतु या विषयात मी एकदा सपशेल चुकलो आहे. आणि ठेच लागलेल्याने मागच्यास सावध करावे, ही आपल्याकडची रीतच आहे.

आपली ज्ञाती या पट्ट्यात कशी आली, हे येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळरानांवर कारखान्यांची रांग लागली. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले चाकण पुढे मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाऊ लागले, आणि आज आपली मुले तेथे जाण्यासाठी भल्या पहाटे रस्त्याच्या कडेला कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असतात. गावी असताना शरीराची झोप सूर्याबरोबर चाले. येथे ती पाळीबरोबर चालते. या आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात दुसरी, त्यानंतर रात्रपाळी. अशा माणसाने आसने केव्हा आणि किती करावीत, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

माझी चूक सांगतो. तिशीच्या सुमारास मी आसने शिकलो आणि नव्या भक्ताच्या उत्साहाने प्रतिज्ञा केली की, एकही दिवस खाडा करायचा नाही. रात्रपाळी संपवून घरी यावे आणि डोळ्यांवर झोप असतानाच तासभर आसने करावीत, असा क्रम मी काही महिने चालवला. पाठ दुखू लागली, तरी तिच्याकडे लक्ष देणे हा मला दुबळेपणा वाटे. अखेर एके सकाळी हलासन करताना कंबर अशी धरली की तीन आठवडे अंथरुणावर काढावे लागले. परंतु खरी हानी कंबरेची झाली नाही. खाडा झाला, व्रत मोडले, आता कशाला करायचे, असे मनाने घेतले. आणि मी पुढील नऊ वर्षे आसनांचे नाव काढले नाही. तीन आठवड्यांच्या दुखण्याने मला नऊ वर्षे घरी बसवले नव्हते. ते काम माझ्या हट्टाने केले.

पुढे एका जाणत्या गृहस्थांनी स्वात्मारामांची 'हठप्रदीपिका' माझ्या हाती दिली. योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी तेथे सांगितल्या आहेत. त्यांत अतिआहार, बडबड, लोकांची अतिसंगत आणि मनाची चंचलता आहे, हे कोणासही पटेल. परंतु त्याच यादीत अतिश्रम आहे, आणि नियमाचा आग्रहही आहे! पहाटेच्या थंड पाण्याच्या स्नानाचा हट्ट हे टीकाकारांनी याच आग्रहाचे उदाहरण म्हणून दिले आहे. आळशी आणि हट्टी या दोघांनाही ग्रंथकाराने एकाच पंक्तीस बसवले आहे, हे वाचून मी खजील झालो.

कोणी विचारील की, पतंजलींनी तर अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक करावा असे सांगितले आहे, त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे. परंतु अखंड म्हणजे रोज तेवढेच ओझे उचलणे नव्हे. याचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. देहूहून निघणाऱ्या तुकोबांच्या पालखीचा पंढरीच्या वाटेवर आपल्या आकुर्डीस मुक्काम असतो. पुढे पुण्यास ती दोन रात्री थांबते. वाटेतल्या विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात. त्या विसाव्यामुळे वारी खंडित झाली, असे कोणी वारकरी म्हणतो काय? विसावा हा वारीचाच भाग आहे. वारी मोडते ती वाट सोडल्याने.

आपणा कामगारांना हे दुसऱ्या रीतीनेही समजेल. ठरल्या दिवशी यंत्र थांबवून त्याला तेलपाणी करणे वेगळे, आणि चालता चालता यंत्र मोडून बंद पडणे वेगळे. साप्ताहिक सुट्टी म्हणजे खाडा नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्यास एक सुट्टीचा दिवस आणि पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली, तेव्हा कामाची शिस्त बिघडली नाही. मग आपल्याच देहाला आपण त्याहून कठोर मालक का व्हावे?

ज्यांनी या विद्येसाठी आयुष्य वेचले, त्यांनीही विश्रांतीला हीन मानले नाही. आपल्या लोकलच्या मार्गावरील लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांची शास्त्रीय कसोटी लावण्याची परंपरा सुरू केली. मुंबईच्या डॉ. के. के. दाते यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा काय परिणाम होतो याचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला, आणि निश्चल पडून राहणे हाही एक उपचार ठरू शकतो, असे त्यातून दिसले. १९३७ साली पुण्यास आलेले बी. के. एस. अय्यंगार शिस्तीसाठी विख्यात. परंतु थकलेल्या व आजारी माणसाला आधाराने विसावता यावे म्हणून लोड, पट्टे आणि विटा यांचा उपयोग त्यांनीच रूढ केला. म्हैसूरच्या पट्टाभि जोईस यांची पद्धत तर अत्यंत कष्टाची, तरीही तीत आठवड्याचा एक दिवस आणि अमावास्या-पौर्णिमा या तिथी विश्रांतीच्या मानतात. स्नायूंना श्रम दिल्यावर ते सावरतात आणि बळावतात ते विश्रांतीच्या काळात, असे आधुनिक शरीरशास्त्रही सांगते.

आता व्यवहाराचे बोलतो. मी स्वतः गेली अनेक वर्षे पाळत आलो आहे, तो क्रम असा. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास आसने. सहाव्या दिवशी सावकाश श्वसन आणि शवासन एवढेच. सातव्या दिवशी पूर्ण सुट्टी. नवशिक्याने तीन दिवसांपासून आरंभ केला तरी पुष्कळ झाले. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घरी येऊन आसने करू नयेत. आधी झोप घ्यावी, आणि संध्याकाळी पोट हलके असताना थोडी सौम्य आसने करावीत. आसनाने ताण जाणवला तर चालेल, पण कळ आली की थांबावे. रक्तदाब, मानेचे वा कण्याचे दुखणे असेल, त्याने शीर्षासनासारख्या आसनांच्या वाटेस वैद्यकीय सल्ल्यावाचून जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजारपणाने किंवा जादा पाळीने खंड पडलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नये आणि व्रत मोडले म्हणून सोडूनही देऊ नये. दहा मिनिटांनी पुन्हा आरंभ करावा. माझी नऊ वर्षे या एका वाक्याच्या अज्ञानात गेली.

भगिनींविषयी एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. कामगाराला साप्ताहिक सुट्टी मिळाली, परंतु त्याच्या घरातील गृहिणीला ती कोणत्या कायद्याने दिली? अनेकजणी आता नोकरीही करतात आणि परतल्यावर चूलही सांभाळतात. त्यांना 'तुम्हीही रोज पहाटे उठून आसने करा' एवढाच उपदेश करणे अन्यायाचे होईल. त्यांच्या नेमाचा आरंभ आसनांनी नव्हे, तर दारे लोटून घेतलेल्या पंधरा मिनिटांच्या विसाव्याने व्हावा, आणि तेवढा वेळ घरातील पुरुषांनी स्वयंपाकघर सांभाळावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

तरुण मित्रांना एवढेच सांगतो: आपणांस हा देह निवृत्तीच्या दिवसापुरता नव्हे, तर त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांसाठीही टिकवायचा आहे. त्यासाठी नेम हवाच, आणि नेम टिकावा म्हणून विसावाही हवा.